फिट येतेय असं कळल्यावर मन एकाग्र करून ती परतवता येते का?

दिडकी
नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय, चुकीच्या विभागात पडला असेल तर अ‍ॅडमिननी हलवावा.

मला अपस्मार आहे, टेम्पोरल लोबचा, म्हणजे मेंदूच्या कानाजवळच्या भागातला. कॉलेजात असताना कळलं. गोळ्या नियमित चालू आहेत आणि मोठ्या फिट्स जवळजवळ बंद झाल्यात. पण छोट्या येतात. आधी पोटातून काहीतरी उचंबळून घशापर्यंत चढतं, मग समोर चाललंय ते सगळं आधी एकदा घडून गेलंय असं वाटायला लागतं, आणि मग कधी कधी मिनिटभर मी जागेवर असून नसते. नवरा सांगतो की ओठ चाटत बसतेस आणि ओढणीचं टोक चिवडत राहतेस. मला त्यातलं काहीही आठवत नाही.

तर पोटातून चढायला लागलं की मी दिडकी, म्हणजे दीडपटीचा पाढा, म्हणायला घेते. आजीने लहानपणी पावकी, निमकी, दिडकी सगळं पाठ करून घेतलं होतं, त्यातली पावकी आपोआप येते म्हणून उपयोगाची नाही, दिडकीला डोकं लावावं लागतं. अंगठ्याने एकेक बोटाचं पेर दाबत म्हणते. बऱ्याचदा ते जे काही चढत असतं ते तिथेच थबकतं आणि उतरतं. बऱ्याचदा नाही. झोप झालेली नसली तर हमखास नाही.

डॉक्टरांना विचारलं तर बाहेर रांग लागलेली, म्हणाले चांगलं आहे करत राहा, गोळी चुकवू नका. तेवढ्यावर माझं समाधान झालं नाही. असं आणखी कोणी करतं का? आणि खरंच माझ्या करण्याने थांबते की ती तशीही थांबणारच होती आणि मी उगाच श्रेय घेतेय? ऑफिसमधली मैत्रीण ध्यानाच्या शिबिराला चल म्हणून मागे लागलीय, तेही डोक्यात आहे.

सदाशिव_तीस
आरोग्य विभागात हवा होता धागा. असो. सतरा दिडे किती?

दिडकी
साडेपंचवीस. झटका येत असताना विचारू नका फक्त.

गिरिजा_सिंहगडरोड
ताई, माझ्या धाकट्या भावाला आहे. त्याला आधी काही कळतच नाही, निम्म्याहून जास्त तर झोपेतच येतात. त्यामुळे आमच्याकडे एकाग्रता वगैरे प्रश्नच नाही. आमच्याकडे एकच तंत्र, रात्री दहाला मोबाईल काढून घेणे. त्याने फरक पडलाय हे मात्र शपथेवर सांगेन.

लहान असताना शेजारच्या काकू फिट आली की धावत येऊन चप्पल हुंगवायच्या. आई चिडायची पण माणसं मदतीला आलेली असतात, तोंडावर काय बोलणार.

सदाशिव_तीस
कोल्हापुरीच लागते का स्लीपर चालते?

गिरिजा_सिंहगडरोड
जी पायात असेल ती. एकदा पोस्टमनची पण चालली होती.

रानडेकाका
दिडकी यांस, तुमचा अनुभव वाचून आनंद वाटला. मन हेच सगळ्याचे मूळ आहे हे आपल्या पूर्वजांनी सांगून ठेवले आहे. मी निवृत्तीनंतर गेली अनेक वर्षे तळजाईवर पहाटे प्राणायाम घेतो. माझ्या भाच्याला हाच विकार होता. रोज कपालभाती, भस्त्रिका आणि ओंकार. आज त्याची एकही गोळी नाही. डॉक्टर लोक हे सांगणार नाहीत कारण मग दुकान कसे चालणार. तुम्ही शिबिराला जरूर जा, आणि कपालभाती आजपासूनच सुरू करा.

रिफ्लेक्स_हातोडी
रानडेकाका, थांबा जरा. दिडकी, कृपया कपालभाती आजपासून सुरू करू नका. मी न्यूरॉलॉजीत काम करते, तुमची डॉक्टर नाही, त्यामुळे हे सर्वसाधारण बोलणं म्हणून घ्या.

ईईजी, म्हणजे मेंदूच्या लहरींचा आलेख, काढताना तंत्रज्ञ सांगतो ना की आता तीनेक मिनिटं जोरजोरात श्वास घ्या आणि सोडा, ते आराम वाटावा म्हणून नसतं. भराभर श्वास घेतल्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, मेंदूतल्या रक्तवाहिन्या आकसतात, आणि ज्यांना अपस्मार आहे त्यांच्यातल्या काहींच्या लहरी तेवढ्यात बिघडतात. लहान मुलांमध्ये जी क्षणभर हरवल्यासारखी फिट असते, अ‍ॅब्सेन्स, ती तर ओपीडीत फुंकर मारायला लावून समोर आणता येते. म्हणजे जो श्वास आम्ही फिट *आणायला* वापरतो तोच तुम्ही थांबवायला सांगताय. सगळ्यांनाच त्रास होतो असं नाही, टेम्पोरल लोबवाल्यांना कमी होतो, पण स्वतःवर प्रयोग करून बघण्यासारखी गोष्ट नाही. सावकाश, लांब उच्छ्वास, अनुलोम-विलोम, हे वेगळं. त्याला कोणी नाही म्हणत नाही.

आता मूळ प्रश्न. पोटातून चढणं आणि 'हे आधी घडलंय' वाटणं, ज्याला आपण ऑरा म्हणतो, ती फिटची चाहूल नाहीये, ती फिटच आहे. मेंदूच्या एका छोट्या भागात सुरू झालेली. पुढे पसरली की भान जातं, अजून पसरली की अख्खं शरीर झटके देतं. त्यामुळे दिडकीने तुम्ही फिट येऊ देत नाही असं नाही, आलेली फिट पसरू देत नसाल तर नसाल. आणि हे शास्त्राला नवं नाही. लंडनच्या गॉवर्स नावाच्या डॉक्टरने १८८१ साली लिहून ठेवलंय की ज्यांचे झटके बोटांपासून सुरू होऊन हातभर चढत जातात त्यांच्यातले काही जण वरच्या बाजूला रुमाल करकचून आवळतात आणि झटका तिथेच अडतो. आजार हातात नाही, मेंदूत आहे, तरी अडतो. तर्क असा की फिटला पसरायला आजूबाजूच्या पेशी रिकाम्या लागतात, त्यांना दुसऱ्या जोरदार कामाला जुंपलं की पसरायला जागा कमी मिळते.

पण ही खिडकी काही सेकंदांची असते, आणि सगळ्यांकडे नसते.

जुनी_पानं
हातोडीताईंनी गॉवर्सचं काढलंच आहे तर चप्पल प्रकरणाला पण एक सभ्य भाऊबंद आहे. १९५६-५७ मध्ये रॉबर्ट एफ्रॉन नावाच्या डॉक्टरने एका बाईची केस प्रसिद्ध केली. तिला फिटमध्ये वासाचा भास व्हायचा. फिट नुकती सुरू होत असतानाच तिला जाईच्या जातीचं तीव्र अत्तर हुंगवलं की फिट थांबायची. मग त्याने काय केलं, अत्तर हुंगताना तिला हातातल्या ब्रेसलेटकडे टक लावून बघायला लावलं, पुन्हा पुन्हा. काही काळाने नुसतं ब्रेसलेट बघून फिट थांबायला लागली. आणि त्यानंतर नुसता ब्रेसलेटचा *विचार* करून. पावलॉव्हच्या कुत्र्याला सवयीने नुसत्या आवाजावर लाळ सुटायची, तोच सरळ नियम.

म्हणजे वासात काहीतरी आहे, पण वेळ महत्त्वाची. माणूस बेशुद्ध होऊन झटके देतोय तेव्हा चप्पल, कांदा, अत्तर, सगळं सारखंच निरुपयोगी.

सदाशिव_तीस
म्हणजे तुळशीबागेतून ब्रेसलेट घ्यायचं आणि मंडईतून गजरा. खर्च माफक आहे.

रिफ्लेक्स_हातोडी
जुनी_पानं, छान आठवण काढलीत. फक्त वाचणाऱ्यांसाठी एवढं, झटके देणाऱ्या माणसाच्या नाकातोंडाशी काहीही नेऊ नका. कुशीवर वळवा, डोक्याखाली मऊ काहीतरी, घड्याळ बघा. दातात चमचा, किल्ल्या हातात देणं, पाणी पाजणं नाही. पाच मिनिटांच्या वर गेली किंवा शुद्धीवर न येता दुसरी आली तर १०८. डॉक्टरांनी लांबलेली फिट थांबवायला मिडाझोलामचा नाकातला स्प्रे लिहून दिलेला असेल तर तो कुठे ठेवलाय हे घरातल्या सगळ्यांना माहीत हवं.

आकडेमोड
दिडकी यांचा दुसरा प्रश्न मला सगळ्यात आवडला, श्रेय कोणाचं. बहुतेक लोक हा प्रश्न स्वतःला विचारत नाहीत.

अडचण अशी की काही ऑरा काही न करताच विरतात. तुम्ही दरवेळी दिडकी म्हणता, त्यामुळे न म्हणता किती विरल्या असत्या याचा हिशोबच तुमच्याकडे नाही. शिवाय झोप न झालेल्या दिवशी दिडकीही नीट जमत नाही आणि फिटही जोरात असते, म्हणजे दिडकी फसली म्हणून फिट आली की फिट जोरात होती म्हणून दिडकी फसली, हे कसं ठरवणार.

२०१८ साली न्यूरॉलॉजी या नियतकालिकात अमेरिकेतला एक प्रयोग आला होता. गोळ्या चालू असूनही फिट येणाऱ्या ६६ जणांचे दोन गट. एका गटाला स्नायू आवळून एकेक करून सैल सोडायचं तंत्र, श्वासासकट. दुसऱ्या गटाला नुसत्या लक्ष देण्याच्या साध्या हालचाली, त्यात आराम वगैरे काही मुद्दाम नव्हतं. तीन महिन्यांनी पहिल्या गटाच्या फिट्स २९ टक्क्यांनी कमी. व्वा. आणि दुसऱ्या गटाच्या? २५ टक्क्यांनी. दोन्हीत म्हणण्यासारखा फरक नाही. मग गुण कशाचा आला, स्नायूंचा की रोज फोनवर डायरी भरण्याचा, ठरावीक वेळी थांबून स्वतःकडे बघण्याचा, की कोणीतरी आपली विचारपूस करतंय याचा? की काहीच न करताही झाल्या असत्या? माणूस अशा प्रयोगात शिरतो तोच मुळी वाईट महिन्यात, त्यानंतरचा महिना तसाही बरा जायची शक्यता असते.

रानडेकाकांच्या भाच्याबद्दलही हेच. काही अपस्मार वय वाढलं की आपोआप जातात.

रानडेकाका
आकडेवारीने सर्व काही सिद्ध होत नाही. भाचा समोर आहे.

शून्य_सूचना
हा धागा वाचू की नको असं झालं होतं. लिहितोच.

मला ज्युवेनाइल मायोक्लोनिक आहे, किशोरवयात सुरू होणारा अपस्मार. सकाळी उठल्या उठल्या हात उडतात, चहाचा कप भिंतीवर गेलाय आमच्याकडे, आई आता स्टीलच्या पेल्यात देते. मोठी फिट येते ती खाडकन, आधी पोटात काही नाही, वास नाही, काही नाही. एक क्षण मी दात घासतोय आणि पुढचा क्षण अँब्युलन्समधला दिवा.

मी ढोल पथकात होतो. नदीपात्रात सराव, रात्री उशिरा घरी, पुन्हा सकाळी लेक्चर. विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी व्हायचं तेच झालं. आता घरी आलेल्या प्रत्येक माणसाने काय सांगावं? मन खंबीर ठेव. टेन्शन घेऊ नकोस. ध्यान कर. एका मामांनी ध्यानाच्या वर्गाची फी भरली. मी प्रामाणिकपणे गेलो. पुढची फिट आली तेव्हा तिथल्या सरांनी विचारलं, सराव मनापासून करत होतास का? म्हणजे फिट आली तर माझ्या ध्यानात खोट. पथक सोडलं, रात्रीचं जागरण सोडलं, आता फिट येण्याची जबाबदारी पण माझीच.

दिडकी, तुमच्यावर राग नाही, तुमची खिडकी आहे आणि तुम्ही ती वापरता, भारीच. पण 'मनाने थांबवता येते' हे वाक्य आपल्याकडे सुटं फिरायला लागलं की त्याचं 'याला मनावर ताबा नाही' असं व्हायला एक लग्नकार्य पुरतं.

गिरिजा_सिंहगडरोड
+१. भावाला पण हेच ऐकवतात. लेव्हेटिरॅसिटॅमने चिडचिड होते त्याची, तर म्हणतात बघा, मन शांत नाही म्हणूनच फिट येते. अरे ती गोळीच चिडचिड आणते.

माई_कर्वेनगर
शून्य, बाळा, पेला स्टीलचा दिला म्हणजे आई शहाणी आहे. मी काही तज्ज्ञ नाही. माझ्या जावेला होता हा आजार, त्या काळात लपवून लग्न केलं, आणि मग आयुष्यभर फिटपेक्षा लपवण्याचाच ताण. रामरक्षा म्हणायची ती. थांबायची का कधी, देवास ठाऊक. पण म्हणायला सुरुवात केली की आम्हाला घरच्यांना कळायचं, आम्ही तिला खाली बसवायचो. तेवढा उपयोग नक्की होता.

आकडेमोड
माईंनी जे लिहिलंय त्याला कोणत्याही शोधनिबंधापेक्षा जास्त अर्थ आहे.

सदाशिव_तीस
लग्नाचा विषय निघालाच आहे तर एक माहिती, हिंदू विवाह कायद्यात पूर्वी अपस्मार हे विवाह रद्द करण्याच्या कारणांत होतं, १९९९ च्या दुरुस्तीने ते काढून टाकलं. तरी अजून लोक एकमेकांना 'कायद्याने चालत नाही' म्हणून घाबरवतात. पुण्यात संवेदना फाउंडेशनचा अपस्मार असलेल्यांसाठी स्वमदत गट आहे, तिथे लग्नाच्या बाबतीतही मोकळेपणाने बोललं जातं. हा विनोद नाही, खरंच सांगतोय. माझ्या मेहुणीला उपयोग झालाय.

कट्ट्यावरचा
लायसन्सचं काय असतं हो? मुलगा अठराचा होतोय आणि अ‍ॅक्टिव्हावर डोळा आहे.

सदाशिव_तीस
अर्जासोबत जो फॉर्म एक भरतात त्यात फिट येतात का हे सरळ विचारलेलं असतं आणि खाली सही तुमच्या मुलाची असते. दुसरा धागा काढा, तिथे भांडू.

समुपदेशिका
एक बाजू राहिलीय. काही जणांना येणारे झटके दिसायला अगदी फिटसारखेच असतात पण त्या वेळी ईईजीमध्ये विजेची गडबड नसते. यांना फंक्शनल सीझर म्हणतात. ते नाटक नसतं, माणूस मुद्दाम करत नाही, त्याच्या हातात नसतं. व्हिडिओ ईईजी केल्याशिवाय फरक कळणं अवघड, कधी कधी वर्षानुवर्षं चुकीच्या गोळ्या चालू राहतात. आणि काहींना दोन्ही प्रकार असतात. या झटक्यांवर अपस्माराच्या गोळ्यांचा उपयोग नाही. तिथे मात्र मानसोपचार हाच मुख्य उपचार, चाहूल ओळखणं, लक्ष बाहेरच्या गोष्टीवर खिळवणं, पाय जमिनीवर दाबणं, समोरच्या पाच वस्तूंची नावं घेणं वगैरे.

तेव्हा कुणी म्हणालं की मी ध्यानाने फिट बंद केल्या तर तो खोटं बोलतोय असं लगेच समजू नका. त्याच्या फिट वेगळ्या असू शकतात. फक्त त्याचा उपाय दुसऱ्याला लागू पडेलच असं नाही.

रानडेकाका
समुपदेशिका यांचे म्हणणे मला पटले. पण योगाला इतके मोडीत काढू नका. दिल्लीच्या एम्समध्येच प्रयोग झालेला आहे, २०२३ साली प्रसिद्ध झाला, १६० रुग्ण. एका गटाला खरा योग आणि दुसऱ्याला दिसायला तसेच व्यायाम पण सावकाश श्वास आणि शरीराकडे लक्ष या सूचनांशिवाय. सहा महिन्यांनी खऱ्या योगवाल्यांमध्ये फिट्स निम्म्याहून जास्त कमी होण्याची शक्यता चौपटीहून अधिक निघाली. हे अमेरिकेचे नियतकालिक छापते, मी नव्हे.

रिफ्लेक्स_हातोडी
काका, हा अभ्यास चांगला आहे आणि तुम्ही तो आणलात हे बरं केलंत. याआधी योगावरचे दोनच प्रयोग हिशोबात धरण्यासारखे होते, कॉक्रेन ही संस्था असे अभ्यास एकत्र तपासते, तिच्या आढाव्यात मिळून सगळे ५० रुग्ण, त्यावरून काहीही ठरत नव्हतं. एम्सचा त्याहून बराच मोठा.

पण तो वाचताना तीन गोष्टी बघा. सगळ्यांच्या गोळ्या चालू होत्या. त्यांचा मुख्य प्रश्न फिट्सचा नव्हताच, आजारामुळे वाटणाऱ्या कलंकाचा होता, आणि तो लक्षणीय कमी झाला. आणि शिकवलं काय तर सैल हालचाली, सावकाश श्वास, ध्यान. भस्त्रिकेने चौपट फायदा असा त्याचा अर्थ काढू नका.

शून्य, तुझ्यासाठी वेगळं सांगते. तुझ्या प्रकारात काही जणांना उलट डोकं लावण्याच्या कामानेच झटके येतात, तोंडी हिशोब, बुद्धिबळ, पत्त्यांचा डाव, हाताने काहीतरी करताना निर्णय घेणं. सगळ्यांना नाही, काहींना. म्हणजे दिडकींची दिडकी तुझ्यासाठी उपाय नसून कारणही ठरू शकेल. म्हणून एकाचं तंत्र दुसऱ्याला देताना मी घाबरते. तुझ्यासाठी झोप, गोळीची वेळ, दारू नाही, हेच आणि एवढंच. आणि त्या सरांना माझा निरोप सांग. नको, राहू दे.

शून्य_सूचना
बुद्धिबळाचं वाचून हसलो. कोणीतरी पहिल्यांदाच सांगितलं की कमी विचार कर आणि त्यामागे वैद्यकीय कारण आहे.

जुनी_पानं
मला एक खटकतंय. धाग्यात सगळे 'शांत होणं' धरून चाललेत. दिडकी जे करतात ते शांत होणं आहे का? सतरा दिडे, अठरा दिडे हे काही शवासन नाही.

रिफ्लेक्स_हातोडी
अगदी. मला हे लिहायचंच होतं. २००४ मध्ये इंग्लंडमध्ये योको नागाई यांच्या गटाने छोटासा प्रयोग केला होता, बायोफीडबॅकचा. बोटांना तारा लावतात, घामाच्या बारीक बदलांवरून तुम्ही किती सावध आहात ते मोजतात, आणि तुम्ही जितके सावध व्हाल तितकं पडद्यावरचं चित्र पुढे सरकतं. सावध! शांत नाही. त्यांच्यात गोळ्यांना दाद न देणारे रुग्ण होते आणि बऱ्याच जणांच्या फिट्स कमी झाल्या. रुग्णसंख्या लहान, त्यामुळे डंका पिटायला नको.

टेम्पोरल लोबच्या कितीतरी रुग्णांना फिट पेंगुळलेलं असताना येते, दुपारी टीव्हीसमोर, बसमध्ये खिडकीशी. अशा माणसाला ऑरा आल्यावर 'डोळे मीट आणि सगळं सैल सोड' सांगणं कदाचित उलटं पडेल. उलट ज्याला ताणाने येतात त्याला तेच उपयोगी पडेल. म्हणजे आधी हे शोधा की तुम्हाला कधी येते, त्याशिवाय तंत्र निवडता येत नाही.

दिडकी
सगळं दोनदा वाचलं. माझ्या ऑरा आठवून बघितल्या तर भांडणात किंवा डेडलाइनला नाहीत. शनिवारी दुपारी जेवल्यावर, कात्रजहून येणाऱ्या पीएमपीच्या बसमध्ये, प्रवचनात. प्रवचनात तर नेहमी. म्हणजे मैत्रिणीच्या शिबिरात डोळे मिटून तासभर बसणं माझ्यासाठी कितपत, हे आधी विचारावं लागेल.

शून्य, तुझं वाचून नवऱ्याला दाखवलं. तो म्हणाला की दिडकी फसली की तू नंतर दिवसभर स्वतःवर वैतागलेली असतेस, ते मला फिटपेक्षा जास्त दिसतं. मला हे माहीतच नव्हतं.

आकडेमोड, डायरी सुरू करते. काय काय लिहू? नाणं उडवून निम्म्या वेळा दिडकी म्हणायची नाही असं सुचवणार असाल तर नाही. ऑफिसच्या मीटिंगमध्ये नाणं कुठून काढू.

आकडेमोड
नाही हो, जी गोष्ट निरुपद्रवी आहे आणि कदाचित उपयोगी आहे ती विज्ञानासाठी बंद करा असं मी सांगणार नाही. वेळ, आदल्या रात्रीची झोप, गोळी वेळेवर का, पाळीची तारीख, कुठे होतात, पेंग होती का. दिडकी कितव्या दिड्यापर्यंत पोचली. आणि शेवटी भान गेलं की नाही, हे नवऱ्याने लिहायचं, तुम्ही नाही, कारण गेलं असेल तर तुम्हाला कळणारच नाही. पाळीचा रकाना सोडू नका, काही बायकांमध्ये तिथेच सगळं सापडतं.

रिफ्लेक्स_हातोडी
आणि अजून येतायत म्हणजे गोळीचा डोस किंवा दुसरी गोळी हा विषय संपलेला नाही हे डॉक्टरांशी बोला. दोन नीट निवडलेल्या, पुरेशा डोसच्या गोळ्यांनी भागत नसेल तर शस्त्रक्रियेसाठी तपासणी करून घ्यायची असते, टेम्पोरल लोबमध्ये तर विशेषच. दिडकी चांगली चालतेय म्हणून 'छोट्याच तर येतात' असं म्हणत वर्षं काढू नका. डायरी घेऊन जा, रांग असली तरी डायरीवाला पेशंट लक्षात राहतो.

आणखी एक. आधी गॅस बंद, मग खाली बसा, मग दिडकी. रस्ता ओलांडताना असाल तर दुभाजकावर थांबा. क्रम हाच.

माई_कर्वेनगर
दुभाजकावर नको ग, तिथे मोटरसायकली असतात.

सदाशिव_तीस
माई, पुण्यातली सर्वात अचूक वाहतूक सूचना.

शून्य_सूचना
मिरवणुकीचं कोणाला सांगता येईल का? पथकातले मित्र म्हणतायत वाजवू नको पण बघायला तर ये. झोप पूर्ण करून दुपारी दोन तास जाईन. लेझर आणि चमकणारे दिवे असतात हल्ली. ईईजीत मला दिव्याने गडबड दिसली होती.

रिफ्लेक्स_हातोडी
मग दुपारीच जा, उन्हात दिव्यांचा जोर नसतो. अंधार पडायच्या आत घरी. अचानक चमचमाट समोर आलाच तर एक डोळा पूर्ण तळहाताने झाक आणि तोंड फिरव. दोन्ही डोळे नुसते मिटून भागत नाही, पापणीतून उजेड येतो आणि काहींना डोळे मिटण्यानेच त्रास होतो. बरोबर माहितगार मित्र हवा, आणि त्याने दातात चमचा घालू नये एवढं त्याला शिकव.

शून्य_सूचना
टोलाची काठी घालेल तो. शिकवतो.

नवीन_सदस्या_वाकड
नमस्कार, इथे विचारलेलं चालेल का माहीत नाही. माझा मुलगा सात वर्षांचा आहे, डोक्यावरून गरम पाणी घेतलं की तो एकटक बघत राहतो आणि कधी कधी मान एका बाजूला वळते. सासूबाई म्हणतात त्याला अंघोळ आवडत नाही म्हणून करतो, लक्ष दुसरीकडे वळव. गाणी म्हणून बघितली, फरक नाही.

रिफ्लेक्स_हातोडी
गाणी राहू द्या. हे आवडीनिवडीचं नसू शकेल. गरम पाण्याने येणारी फिट हा खरोखरचा प्रकार आहे, दक्षिण भारतात, विशेषतः कर्नाटकात बऱ्यापैकी दिसतो, मुलांमध्ये जास्त. डॉक्टरांना दाखवेपर्यंत पाणी कोमट ठेवा, डोक्यावर तांब्याने ओतू नका, डोकं वेगळ्या दिवशी ओल्या कपड्याने पुसा, बाथरूममध्ये एकटा सोडू नका आणि आतून कडी नको. पुढच्या वेळी झालं तर घरातल्या दुसऱ्या कोणाला तरी मोबाईलवर व्हिडिओ काढायला सांगा, चेहरा आणि दोन्ही हात दिसतील असा. बालरोग न्यूरॉलॉजिस्टना तो व्हिडिओ पहिल्यांदा दाखवा, बोलणं नंतर.

नवीन_सदस्या_वाकड
धन्यवाद ताई. वाकड-पिंपरीच्या बाजूला कोणी चांगले डॉक्टर माहीत आहेत का?

अ‍ॅडमिन
डॉक्टरांची नावं आणि नंबर धाग्यावर नकोत, व्यक्तिगत निरोपात द्या. धागा आरोग्य विभागात हलवला आहे.